घरच्या घरी हायलाइट्सचा नारिंगीपणा कसा कमी करावा?

तुम्ही विचारलंय की ब्लाँड हायलाइट्स करून दोनेक महिनेच झाले, बटा नारिंगी दिसायला लागल्या, आणि जांभळा शाम्पू लावूनही काही फरक नाही. मी केस रंगवण्याचंच काम करते. ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकींना कुणीतरी जांभळाच शाम्पू सुचवलेला असतो. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, तुम्हाला निळा हवा आहे.

आधी असं का होतं ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. आपल्या केसांत दोन प्रकारचं रंगद्रव्य असतं. काळं-तपकिरी ते युमेलॅनिन आणि तांबूस-पिवळं ते फिओमेलॅनिन. ब्लीच काळं द्रव्य आधी मोडतं, तांबूस चिवटपणे मागे राहतं. रंगकामात केसांची 1 ते 10 अशी पट्टी असते. 1 म्हणजे काळाभोर, 10 म्हणजे अगदी फिकट पिवळा. आपले केस साधारण 1 ते 3 मध्ये बसतात. तिथून एका बैठकीत 9-10 पर्यंत न्यायचं तर केस जळतात, म्हणून पार्लरमध्ये बऱ्याचदा 7-8 वर थांबतात. तिथे खरा रंग नारिंगी किंवा नारिंगी-पिवळा असतो. त्यावर टोनर, म्हणजे नको असलेली छटा झाकणारा हलका रंग, चढवला की ब्लाँड दिसतो. टोनर चार ते सहा आठवड्यांत धुऊन जातो आणि खालचा नारिंगी उघडा पडतो. म्हणजे तुमचा रंग बिघडलेला नाही, त्याच्यावरचा थर उतरलाय.

आता दिवसा, खिडकीपाशी, कोरडे केस नीट बघा. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळंच नारिंगी दिसतं. बटा पिवळ्या असतील तर जांभळा रंगकण तो पिवळेपणा मारतो. नारिंगी असतील तर निळाच लागतो. पांढरे कपडे पिवळट पडले की नीळ देतात, तसंच हे. पण म्हणून कपड्यांची नीळ किंवा कपड्यांसाठीचा जांभळा द्राव केसांना लावू नका. तो कापडासाठी असतो, आणि ब्लीच केलेला केस रंग इतका अधाशासारखा शोषतो की निळे-करडे डाग पडतात.

बाजारात निळे शाम्पू ‘ब्रुनेट’ किंवा ‘ब्रास’ असं लिहिलेले मिळतात. आठवड्यातून एकदा पुरे. आधी साध्या सौम्य शाम्पूने केस धुवा, पाणी टिपून घ्या, हातमोजे घालून हा शाम्पू फक्त हायलाइट्सवर लावा. पहिल्यांदा तीन मिनिटंच, आणि तेही मागच्या एका बटेवर आधी करून बघा. मग कंडिशनर. टोकं जास्त सच्छिद्र असतात, ती लवकर करडी होतात, म्हणून तिथे सगळ्यात शेवटी लावा.

शाम्पूने पुरेसा फरक पडला नाही तर घरी टोनर लावता येतो, पण इथे माझं थोडं कडक मत आहे. अमोनिया नसलेला डेमी-पर्मनंट, म्हणजे हळूहळू धुऊन जाणारा टोनर घ्या, आणि त्यात मिसळायचा डेव्हलपर (पेरॉक्साइडचं द्रावण) 10 व्हॉल्यूमच्या, म्हणजे 3 टक्क्यांच्या वर नको. 20 व्हॉल्यूमचा डेव्हलपर अमोनियाच्या टोनरबरोबर तुमच्या न रंगवलेल्या काळ्या मुळांना लागला तर तीही उजळून तांबूस होतात, आणि मग एका त्रासाचे दोन होतात. टोनरवर 7.1 असा क्रमांक असतो. निवडताना त्यातला पहिला आकडा 1 ते 10 च्या पट्टीवर तुमच्या बटेइतका किंवा एखादी पायरी गडद हवा. 7 च्या नारिंगीवर 10 चा चंदेरी टोनर लावला तर काहीच दिसत नाही, बायका मग म्हणतात की माल खोटा होता. टिंबानंतरचा 1 बऱ्याच कंपन्यांत राखाडी छटा दाखवतो, तरी खोक्यावर वाचून खात्री करा, कारण क्रमांक सगळीकडे सारखे नसतात. कानामागे थोडं लावून 48 तास थांबायला विसरू नका. आधी काळी मेंदी लावून खाज आली असेल तर टोनरही धोक्याचा, कारण त्यांतली रसायनं एकमेकांच्या जवळची असतात. पॅकेटच्या मेंदीत धातूंचे क्षार असू शकतात आणि डेव्हलपरशी त्यांचं जमत नाही, केस गरम होऊन तुटू शकतात. मेंदी लावली असेल तर घरी हा प्रयोग नकोच.

पाण्याकडेही बघा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर त्यातलं लोह आणि इतर खनिजं बटांवर बसून त्या आणखी तांबूस दिसतात. महिन्यातून एकदा ईडीटीए असलेला चिलेटिंग शाम्पू, म्हणजे ही खनिजं धरून धुऊन काढणारा शाम्पू वापरा, टोनर लावणार असाल तर त्याच्या आधी. नुसत्या या धुण्याने बटा बऱ्याच निवळलेल्या मी पाहिल्या आहेत. पिवळं किंवा हिरवं आवळ्याचं तेल, मोहरीचं तेल बटांवर नको, ते रंग सोडतं. खोबरेल चालेल, धुण्याआधी लावा.

लिंबू लावून उन्हात बसायचं अजिबात नाही. त्याने केस आणखी उजळतो, म्हणजे आणखी नारिंगी. खाण्याच्या सोड्याने केसाचा वरचा थर उघडतो आणि उरलासुरला टोनरही निघतो. व्हिनेगरने केस गुळगुळीत लागतात, रंग बदलत नाही.

आणि घरी दुसऱ्यांदा ब्लीच नको. ओली बट ओढल्यावर रबरासारखी ताणली जात असेल तर टोनरही थांबवा, आधी काही आठवडे केस सावरू द्या. पार्लरला गेलात तर ‘फक्त टोनिंग, ब्लीच नाही’ असं आधीच सांगा, आणि कुठल्या क्रमांकाचा टोनर लावला तो लिहून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी तोच मागता येईल.