नोकरी, घर आणि एम.ए.: एका हेडक्लार्कबाईंचा हिशेब

महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या कार्यालयांत बरीच वर्षे काढलेली माणसे मला एक प्रश्न वारंवार विचारतात: उच्च शिक्षणातील नेतृत्व किंवा शैक्षणिक व्यवस्थापन या विषयातली पदव्युत्तर पदवी नोकरी न सोडता घ्यावीशी वाटते, पण ती झेपेल का? वैशालीताईंचा प्रश्नही तोच होता. (नाव आणि काही तपशील बदलले आहेत.) दादरजवळच्या एका अनुदानित महाविद्यालयात त्या हेडक्लार्क, शिक्षण बी.कॉम., वय एक्केचाळीस, राहायला भांडुपला, मुलगा नववीत, घरात सासूबाई आणि शिफ्टची नोकरी करणारे यजमान. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या भेटीच्या वेळी महाविद्यालयाची सगळी कागदपत्रे त्यांनी रात्री जागून जुळवली होती. समितीसमोर बोलायला मात्र दुसरेच कोणी उभे राहिले. ही सल त्यांच्या बोलण्यात दोनदा येऊन गेली.

"मॅडम, वेळेचं कसं जमवायचं तेवढं सांगा," असे त्या म्हणाल्या, तेव्हा पदवी हातात पडल्यावर नेमके काय बदललेले हवे आहे, असे मी उलट विचारले. थोडे घुटमळून त्या म्हणाल्या, "मला आता नुसत्या फायली पुढे सरकवायच्या नाहीत. असिस्टंट रजिस्ट्रारच्या जागेला अर्ज करायचाय." हे उत्तर आल्यावर पुढचे बोलणे सोपे झाले, कारण वेळेची अडचण कितीही खरी असली, तरी कशासाठी शिकायचे हे ठरलेले नसेल तर आठवड्यातून काढलेले तास पहिल्या लग्नसराईतच विरून जातात, असा माझा अनुभव आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निकषांत सहायक कुलसचिव (असिस्टंट रजिस्ट्रार) पदासाठी किमान ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी अशी अट आहे आणि ती पदवी अमुकच विषयातली हवी, असे तिथे म्हटलेले नाही. उपकुलसचिव आणि कुलसचिव या पदांसाठी त्यावर प्रशासकीय किंवा अध्यापनाचा अनुभव लागतो. बी.कॉम.वर थांबलेल्या वैशालीताईंसाठी एम.ए. हा म्हणूनच खरोखरीचा दरवाजा होता. हाच प्रश्न घेऊन प्राध्यापक येतात तेव्हा माझे उत्तर वेगळे असते. प्राचार्यपदासाठी पीएच.डी. आणि किमान १५ वर्षांचा अध्यापन-संशोधनाचा अनुभव लागतो. नेतृत्वाची पदवी त्याची जागा घेत नाही. ज्यांची पीएच.डी. अर्धवट पडली आहे, त्यांनी आधी ती पुरी करावी, असे मी स्पष्ट सांगते आणि ते ऐकायला कोणालाच आवडत नाही.

त्यांच्या पर्समध्ये एका परदेशी विद्यापीठाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचे गुळगुळीत माहितीपत्रक होते. शुल्क काही लाखांत, मुखपृष्ठावर काचेची इमारत. अभ्यासक्रम वाईट असेल असे मी म्हणाले नाही. पण परदेशी पदवीला भारतात समकक्षता मिळते का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यायला सांगितले. भारतातल्या दूरशिक्षणाच्या पदवीबाबत अशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. आयोगाची मान्यता असलेल्या संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते, हे आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. प्रवेश घ्यायच्या वर्षी त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे ना, एवढे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

शेवटी त्यांनी इग्नूचे, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे, एम.ए. (शिक्षणशास्त्र) निवडले. प्रवेश घेण्याआधी मी त्यांना एक काम दिले होते: इग्नूचे अभ्याससाहित्य ईज्ञानकोश या तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते, त्यातले उच्च शिक्षणावरचे एक पुस्तक उतरवून घ्यायचे, तीन आठवडे वाचायचे आणि प्रत्यक्ष किती वेळ मिळाला ते रोज लिहून ठेवायचे. त्यांनी आणलेल्या वहीत सोमवार ते शुक्रवार बहुतेक ठिकाणी "४० मि." होते, शनिवारी "२ तास", आणि एका रविवारी नुसतेच "पाहुणे". लोकलमध्ये वाचन होते असे ज्यांना वाटते, त्यांनी सकाळी आठनंतर भांडुपहून दादरच्या दिशेने एकदा चढून पाहावे. वहीत गाडीतल्या वाचनाची नोंद फक्त परतीच्या प्रवासात होती, तीही उशिरा सुटल्याच्या दिवशी.

या वहीवरून आम्ही हिशेब मांडला. मुक्त विद्यापीठांत एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास धरतात. पदवी ८० श्रेयांकांची धरली तर २,४०० तास होतात. दोन वर्षांत ती संपवायची तर आठवड्याला २३ तास हवेत, चार वर्षांत संपवायची तर साडेअकरा. वैशालीताईंचे तास भरत होते सहा-सात. इग्नूत दोन वर्षांची ही पदवी चार वर्षांपर्यंत पुरी करता येते. तेव्हा चार वर्षे धरायची आणि कमी पडणारे चार-पाच तास घरातून मागून घ्यायचे, असे ठरले. त्यासाठी एका शनिवारी यजमानही आले. ते म्हणाले, "हिने कधी मागितलंच नाही हो. शिफ्ट नसेल तेव्हा संध्याकाळचं मी बघतो." सासूबाईंची समजूत काढायचे कामही त्यांनीच अंगावर घेतले.

वेळेपेक्षा वेळापत्रक जास्त नडते, हे सहसा कोणी आधी ध्यानात घेत नाही. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये होतात, आणि बारावीच्या निकालानंतर जून महिन्यात मुंबईतल्या महाविद्यालयाच्या कार्यालयात हेडक्लार्कला जेवणाचा डबा उघडायलाही उसंत नसते. म्हणून मोठे पेपर डिसेंबरला आणि जूनला फार तर एक, तोही हलका, अशी आखणी केली. स्वाध्याय (घरी लिहून द्यायच्या असाइनमेंट) वेळेत दिले नाहीत तर परीक्षेला बसता येत नाही, म्हणून ते दिवाळीच्या सुटीआधी हातावेगळे करायचे. प्रवेशापूर्वी प्राचार्यांकडून लेखी परवानगी घ्यायला आणि पुढे पदवीची नोंद सेवापुस्तकात करून घ्यायला मी बजावले. परवानगी तोंडी मिळाली म्हणून निर्धास्त राहिलेली माणसे पुढे त्याच कागदासाठी हेलपाटे घालताना मी पाहिली आहेत.

वैशालीताईंची खरी धास्ती वेगळीच होती आणि ती फार उशिरा बाहेर आली: शाळा मराठी माध्यमाची, उत्तरे इंग्रजीत कशी लिहायची? मराठीतून शिकायचे तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा विचार करता येईल, असे मी सुचवले. पण कार्यालयीन पत्रव्यवहार त्या वर्षानुवर्षे इंग्रजीत करत होत्या आणि तो चांगला करत होत्या. पहिला स्वाध्याय त्यांनी टिपणी लिहावी तसा लिहिला, मुद्दा, कारण, संदर्भ, निष्कर्ष, आणि गुण उत्तम मिळाले. नंतर महाविद्यालयाच्या नियोजनावरचा एक प्रश्न आला, तेव्हा प्रवेशाच्या खिडकीवर एकाच विद्यार्थ्याला तीनदा रांगेत का उभे राहावे लागते, याची मांडणी त्यांनी उत्तरात केली आणि तीच पुढे प्राचार्यांसमोर ठेवली. शुल्काची पावती आणि कागदपत्रांची तपासणी एका टेबलावर आली. नोकरी करता करता शिकण्याचा हा फायदा पूर्णवेळ विद्यार्थ्याला मिळत नाही.

सध्या त्या तिसऱ्या वर्षात आहेत. एका विषयात अठ्ठेचाळीस गुण आल्यावर "पास झाले ना" म्हणून त्या सोडून देणार होत्या. तेव्हा ५५ टक्क्यांची अट मी पुन्हा समोर ठेवली आणि उरलेल्या विषयांत सरासरी किती लागेल ते कागदावर मांडून दिले. या जूनला त्यांनी एकही पेपर ठेवलेला नाही, कारण मुलगा आता अकरावीच्या प्रवेशाला आहे.