खाणी बंद पडल्या, तसं पर्यटनाचं झालं तर?

नमस्कार,

गोव्यातल्या डिचोलीहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमचा स्वतःचा टिप्पर खनिज वाहतुकीवर होता, मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या आणि बँकेचे हप्ते तेवढे मागे राहिले. मुलगी यंदा बारावीला आहे, तिला हॉटेल मॅनेजमेंट करायचं आहे. मामांचं म्हणणं, बी.कॉम. करावं आणि सरकारी जागा निघण्याची वाट पाहावी. तुमचा प्रश्न असा : "एकाच धंद्यावर अख्खा तालुका अवलंबून राहिला की काय होतं, ते आम्ही भोगलंय. पर्यटनाचंही तसंच झालं तर पोरीनं काय करायचं?"

धक्के बसणारच, हे आधी मान्य करू. गोव्यात परदेशी चार्टर विमानं, म्हणजे सहल कंपन्यांनी अख्खी भाड्यानं घेतलेली विमानं, १९८७ पासून येऊ लागली आणि किनाऱ्यावरच्या कित्येक घरांचं वर्षाचं गणित त्यांच्यावर बसलं. मग २०१९ मध्ये थॉमस कुक ही ब्रिटिश सहल कंपनी बुडाली, २०२० मध्ये करोना आला, २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं. २०१९ मध्ये गोव्यात नऊ लाखांहून अधिक विदेशी पर्यटक आले होते. २०२४ मध्ये ते पाच लाखसुद्धा नव्हते. देशी पर्यटक मात्र त्याच वर्षी एक कोटीच्या जवळ पोचले. म्हणजे गर्दी आहे, पण ती वेगळी आहे : जोडून सुट्ट्या आल्या की दोन-तीन रात्रींसाठी येणारी, व्हिला भाड्यानं घेणारी, लग्नं आणि कंपन्यांच्या परिषदा करणारी. हीच माणसं आता गोव्याच्या विमानभाड्याची तुलना थायलंड-व्हिएतनामशी करतात. तेव्हा 'आपल्याकडे समुद्र आहे, धंदा चालणारच' या भरवशावर मुलीला पाठवू नका.

तरीही मी तिला जाऊ द्या असंच म्हणेन. खाणी थांबल्या तेव्हा तुमच्या दारात टिप्पर होता आणि त्याला दुसरीकडे काम नव्हतं. दोनशे ताटं वेळेत बाहेर काढायला शिकलेली मुलगी पुण्यात, दुबईत, जहाजावर किंवा मोठ्या हॉस्पिटलच्या किचनमध्येही कामाची असते. हाऊसकीपिंग नीट शिकलेल्यांना विमानतळ, कार्यालयं, रुग्णालयं घेतात. गोव्याचा एखादा हंगाम बुडाला तरी हे शिक्षण बुडत नाही. मात्र त्यासाठी तिनं हॉटेलमधलं खातं विचारपूर्वक निवडायला हवं.

बहुतेक मुलींना फ्रंट ऑफिस, म्हणजे स्वागतकक्षातलं काम, हवं असतं : चांगला गणवेश, एसी, इंग्रजी बोलणं. तिथलं बरंचसं काम आता पाहुण्याच्या मोबाइलवर उरकतं, आणि पुढे ते आणखी कमी होईल असं मला वाटतं. तुमची मुलगी विज्ञान शाखेची आहे. गणित आवडत असेल तर रेव्हेन्यू मॅनेजमेंट या कामाकडे तिनं जरूर पाहावं. खोलीचा दर आता मागणीप्रमाणे रोज बदलतो. कुठल्या तारखेला किती दर लावायचा, बुकिंग साइटला किती खोल्या द्यायच्या आणि किती स्वतः विकायच्या, हे ठरवणारी माणसं प्रत्येक मोठ्या हॉटेलला लागतात. पण तिथं थेट पोचता येत नाही, आधी खालची खाती पाहावी लागतात. हातात चव असेल तर किचन. आपल्याकडचं खतखतं, आंबाड्याचं सांसव हॉटेलच्या मेन्यूत अजून फारसं दिसत नाही, आणि ते घरात खाऊन वाढलेली मुलगी बाहेरून आलेल्या शेफपेक्षा चार पावलं पुढे असते. तसंच नार्वेचं सप्तकोटेश्वर, हरवळेचा धबधबा, मयेचा तलाव ही तुमच्या तालुक्यातली ठिकाणं. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि येणाऱ्यांचा एक मोठा ओघ उत्तरेत उतरू लागला. किनाऱ्यापलीकडचा गोवा मनापासून दाखवणारं माणूस हॉटेलांना हवं आहे.

आता त्रासाचं. पहिली दोन वर्षं पगार कमी आणि पायांवर उभं राहणं जास्त. ब्रेक शिफ्ट म्हणजे सकाळी काम, दुपारी सुट्टी, संध्याकाळी पुन्हा काम, त्यामुळे डिचोलीहून रोज ये-जा करणारीचा दिवस तुटून जातो. गणपतीची चवथ पावसाळ्यात येते, रजा मागून मिळू शकते. नाताळ आणि ३१ डिसेंबर मात्र विसरा. हॉटेलं बाहेरच्यांनाच घेतात, ही तुमची तक्रार खरी आहे. पण आपली मुलं याच दोन वर्षांत सोडून जातात, हेही खरं. दोष एकट्या मुलांचा नाही. तुटपुंजा पगार आणि कोंदट खोली दिली की फक्त नाइलाज असलेलाच टिकतो, आणि मालकांना तेच सोयीचं पडतं. हे बदलायला हवं.

मुलीच्या सुरक्षिततेबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण तिच्यामागची काळजी समजली. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे इथल्या नाईट क्लबच्या आगीत २५ जण गेले. त्यात बहुतेक तिथं काम करणारेच होते, परराज्यांतून पोटासाठी आलेले. ते आठवलं की अजून अस्वस्थ व्हायला होतं. म्हणून ती ट्रेनिंगला जाईल त्या जागी तुम्ही स्वतः जा. किचन तळघरात आहे का, बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, ती मोकळी आहे का, हे डोळ्यांनी पाहा. रात्री अकरानंतर घरी सोडायला गाडी कुणाची, हे लेखी घ्या. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावं विचारा. विचारल्यावर चिडणाऱ्या ठिकाणी मुलीला ठेवू नका.

शिक्षणासाठी पहिली पसंती पर्वरीच्या सरकारी हॉटेल मॅनेजमेंट संस्थेला द्या. कुठल्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी विषय हवा. राष्ट्रीय पातळीवरची प्रवेश परीक्षा एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था घेते. तिच्यात इंग्रजी आणि सेवाक्षेत्राचा कल यांना चांगलं वजन आहे, तेव्हा मराठी माध्यमातून आलेल्या मुलीनं इंग्रजी वाचनाला आजपासून लागावं. खासगी संस्थेत जायचं झालं तर माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना भेटा : शिकण्याच्या किचनमध्ये खरोखर स्वयंपाक होतो का, ट्रेनिंग कुठं मिळालं, हातात किती पडले. जहाजावर पाठवतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटला दारात उभं करू नका. जहाजावर भरती करणाऱ्याकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्राच्या जहाज वाहतूक महासंचालनालयाचा, परवाना लागतो आणि नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणं नियमात बसत नाही.

मामांच्या सल्ल्याबद्दल एवढंच : तिला हिशेबाची आवड असेल तर बी.कॉम. चांगलंच आहे. जागा निघण्याची वाट पाहण्यात मात्र तिची विशी घालवू नका.

तुमच्या पत्रात मामांचं मत आहे, तुमची भीती आहे, तिचं स्वतःचं म्हणणं एका वाक्यापुरतंच आहे. पुढचं पत्र तिला लिहू द्या. कुठलं खातं आवडेल आणि का, हे तिनं कोकणीत लिहिलं काय किंवा मराठीत, चालेल. त्यावरून पुढच्या दोन महिन्यांचा अभ्यास आपण ठरवू.