पैसे भरूनही बंदूक दहा दिवस दुकानातच ठेवायची, याचा वैताग येत नाही का?

तुम्ही विचारलंय की कॅलिफोर्नियात बंदूक विकत घेतली तरी दहा दिवस घरी नेता येत नाही हे खरं का, थांबताना वैताग येतो का आणि त्या थांबण्याचा काही उपयोग होतो का.

खरं आहे, आणि वैताग चांगलाच येतो. मी सॅक्रामेंटोजवळ राहतो. मला ट्रॅपचा नाद आहे, म्हणजे यंत्राने हवेत भिरकावलेल्या केशरी तबकड्या शॉटगनने फोडायच्या. आजवर दोन बंदुका घेतल्या. दोन्ही वेळा वैतागलो, पण कारणं वेगळी होती.

आधी रीत सांगतो. ३० प्रश्नांची लेखी परीक्षा देऊन (२३ बरोबर यावे लागतात) सेफ्टी सर्टिफिकेट काढलेलं असावं लागतं. मग दुकानात ओळखपत्र द्यायचं, केंद्र सरकारचा ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा आणि दुकानदार तुमची माहिती राज्याच्या न्याय विभागाकडे ऑनलाइन पाठवतो. या नोंदीचं नाव 'डीलर रेकॉर्ड ऑफ सेल', पण बोलताना सगळे 'ड्रॉस' म्हणतात. तिची फी ३७ डॉलर १९ सेंट. जुलै २०२४ पासून राज्याने ११ टक्के कर लावलाय तो वेगळा. नावाला तो दुकानदारावर आहे, बिलात येतो आपल्याच माथी. एवढं सगळं झालं, कार्डावरून पैसे गेले, की दुकानदार बंदूक खोक्यात घालतो, खोक्यावर तुमच्या नावाची चिठ्ठी चिकटवतो आणि खोकं आत नेऊन ठेवतो. तुमच्या हातात पावती.

आणि दहा दिवस म्हणजे अगदी मिनिट धरून दहा. ड्रॉस पाठवल्या क्षणापासून चोवीस तासांचे दहा पूर्ण टप्पे मोजतात. शनिवारी दुपारी ४ वाजून १२ मिनिटांनी नोंद गेली असेल, तर पुढच्या आठवड्यानंतरच्या मंगळवारी ४ वाजून १२ मिनिटांआधी दुकानदार खोक्याला हात लावत नाही. कितीही ओळखीचा असला तरी नाही, कारण त्याचा परवाना त्यावर अवलंबून असतो. म्हणजे शनिवारी निवांत खरेदी करणाऱ्या नोकरदाराला मंगळवारी ऑफिसातून लवकर निघणं आलं. इथले जुने नेमबाज म्हणूनच बुधवारी ड्रॉस करतात. दहा दिवस बरोबर शनिवारी भरतात. ही युक्ती काउंटरवर उभं राहूनच कळते.

पहिल्या वेळचा माझा वैताग निव्वळ हौसेचा होता. एकावर एक नळ्या असलेली बारा बोअर, अक्रोडाचा दस्ता, दुकानात खांद्याला लावून पाहिलेली. घरी येऊन मी साफसफाईचं किट मागवलं, कव्हर मागवलं, कपाटाला कुलूप बसवलं, त्याच मॉडेलचे व्हिडिओ परत परत पाहिले. बायको विचारायची, "पैसे भरलेस ना, मग वस्तू कुठाय?" त्यात ह्यूस्टनला राहणारा मावसभाऊ. टेक्सासात थांबण्याची अटच नाही. केंद्र सरकारची संगणकीय तपासणी १९९८ पासून आहे, ती बहुतेकदा काही मिनिटांत होते आणि माणूस बंदूक घेऊन बाहेर पडतो. त्याने दुपारी विकत घेतलेल्या बंदुकीचा फोटो संध्याकाळी घरच्या ग्रुपवर टाकला होता. मला कायद्यापेक्षा त्या फोटोचाच जास्त राग आला होता, असं आता वाटतं.

कॅलिफोर्नियातही काही जणांची तपासणी तासाभरात पूर्ण होते, तरी दहा दिवस सुटत नाहीत. त्यांच्यासाठी मधला काळ मुद्दाम रिकामा ठेवलेला आहे. कल्पना जुनी आहे. १९२३ च्या कायद्यात खरेदीच्या दिवशीच पिस्तूल हातात द्यायचं नाही, एवढंच होतं. पुढे १९५५ ला तीन दिवस झाले, १९६५ ला पाच, १९७५ ला चक्क पंधरा. १९९७ पासून दहा. रागाच्या किंवा निराशेच्या भरात आलेल्या माणसाला तो भर ओसरेपर्यंत थांबवायचं, हा हेतू. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, हे भारतात बसून बातम्या बघणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये वेगवेगळ्या राज्यांची अनेक वर्षांची आकडेवारी तपासली. थांबण्याच्या कायद्यामुळे बंदुकीने होणारे खून सुमारे १७ टक्क्यांनी आणि आत्महत्या ७ ते ११ टक्क्यांनी कमी होतात, असा त्यांचा निष्कर्ष. हे वाचल्यावर हौशी माणसाची दहा दिवसांची चिडचिड फार मोठी तक्रार म्हणून मांडायला जीभ रेटत नाही.

दुसऱ्या बंदुकीच्या वेळचा वैताग मात्र मला आजही रास्त वाटतो. एक बंदूक आधीच घरातल्या कपाटात आहे. मग दुसरी दहा दिवस अडवून माझा कुठला राग शांत होणार? हाच मुद्दा घेऊन काही बंदूकधारक कोर्टात गेले होते. २०१४ मध्ये फ्रेस्नोच्या कोर्टात ते जिंकले, २०१६ मध्ये वरच्या कोर्टात हरले. वरच्या कोर्टाचं म्हणणं असं की घरात साधी बंदूक असलेला माणूस जास्त घातक हत्यार घ्यायला येऊ शकतो. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये प्रकरण ऐकायलाच नकार दिला. न्यायमूर्ती थॉमस यांनी त्यावर भलीमोठी नाराजी लिहून ठेवली. मला कोर्टाचा युक्तिवाद ओढूनताणून आणलेला वाटतो. तरीही उद्या हा नियम रद्द करायचा का असं मतदान झालं, तर मी 'नको' म्हणेन. माझं नुकसान फार तर एका शनिवारच्या खेळाचं.

आपल्याकडे गणित उलटं आहे. भारतात खरी वाट बघायची ती परवान्याची: पोलिसांची चौकशी, कलेक्टर कचेरीच्या फेऱ्या. कोकणात आमच्या काकांकडे शेतीसंरक्षणाची बंदूक आहे, डुकरं आणि माकडांसाठी. निवडणूक लागली, आचारसंहिता आली, की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येतो. बंदूक ठाण्यात आणि डुकरं शेतात. आपलीच बंदूक परत घरी कधी येणार याची वाट बघणारे काका माझ्या दहा दिवसांच्या कहाणीला हसले, ते बरोबरच होतं.

इथे येऊन बंदूक घ्यायचा विचार असेल तर थोडं व्यवहाराचं. एच-वन-बी व्हिसावर सर्वसाधारणपणे घेता येत नाही. शिकारीचा वैध परवाना हा अपवाद आहे. ग्रीन कार्ड असेल तर घेता येते. ताबा घेताना हाताळणी करून दाखवावी लागते (काही दुकानदार ती आधीच करून घेतात): बंदूक बिजागरीपाशी वाकवून उघडायची, आत बघून आणि बोट घालून नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करायची, भडक रंगाचं डमी काडतूस भरायचं, काढायचं, कुलूप लावायचं. घर बदललं तर सरकारी नोंदीत पत्ता बदलून घ्या. इथे काडतुसं घेतानाही दर वेळी तपासणी होते आणि पत्ता जुळला नाही की दुकानदार हात वर करतो.

आणि मुदत दुसऱ्या बाजूनेही आहे. ड्रॉस केल्यापासून ३० दिवसांत बंदूक नेली नाही तर व्यवहार रद्द होतो. परत फी, परत दहा दिवस. दिवाळीला महिनाभर भारतात जाणार असाल, तर आधी तिकिटाची तारीख बघा आणि मगच ड्रॉस करा.