आयकराची थकीत मागणी एकदम भरता येत नसेल तर सवलत मिळते का?

मिळते, परंतु मूळ कर माफ होईल अशी अपेक्षा ठेवू नये. दिलासा असतो तो हप्त्यांचा आणि व्याजाचा. 1961 च्या आयकर कायद्याखालील मागणी नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत न भरल्यास कलम 220(2) नुसार दरमहा 1 टक्का साधे व्याज लागते, आणि महिन्याचा एखादा दिवसही पूर्ण महिना धरला जातो. म्हणून मुदत संपण्यापूर्वीच कलम 220(3) खाली हप्त्यांसाठी अर्ज करावा (नोटीस कपाटात ठेवून देणे हीच मोठी चूक). हे व्याज कमी किंवा माफ करण्याची विनंती कलम 220(2अ) खाली आयुक्त वा त्यांच्या वरिष्ठांकडे करता येते. मात्र खरी आर्थिक अडचण, हाताबाहेरची कारणे आणि चौकशीत केलेले सहकार्य या तिन्ही गोष्टी कागदपत्रांनिशी दाखवाव्या लागतात.