विरंगुळा आणि पर्यटन या विषयात एम.ए. करावं का? संशोधनाला वाव आहे का? घरचे ‘टाइमपास डिग्री’ म्हणतात.

‘टाइमपास डिग्री’ हे शब्द माझ्या थोरल्या भावाचे. ते वाचले आणि राहवलं नाही, त्यामुळे उत्तर जरा भरकटेल.

पर्यटनाचं आधी उरकते. ते बऱ्याच ठिकाणी व्यवस्थापनाच्या पोटात शिकवतात. बटलर या पर्यटन-अभ्यासकाचा १९८० चा आलेख लवकरच भेटेल: पर्यटनस्थळ सापडतं, वाढतं, साचतं, मग कात टाकतं नाहीतर ओस पडतं. विषय चांगला आहे, पण माझा जीव तिथे रमला नाही. मी उपचारात्मक विरंगुळ्याकडे वळले, म्हणजे खेळ, कला, छंद यांच्या मदतीने रुग्णांना सावरायला हात देणं.

प्रबंधासाठी एका पुनर्वसन केंद्रात होते. तिथे खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी होत्या. माझ्या तक्त्यात रुग्णांची नावं, पुढे उपक्रमांचे रकाने: रंगकाम, पत्ते, कुंड्या. आजींची ओळ कोरी. त्या दिवसभर खिडकीशी बसायच्या. मी शेरा मारला, ‘उदासीन, सहभाग नाही’. तिसऱ्या आठवड्यात हट्टाला पेटले. त्यांची चाकाची खुर्ची वळवून थेट टेबलापाशी आणली आणि हातात ब्रश दिला. त्यांनी तो खाली ठेवला.

“अगं पोरी, जन्मभर कुणी ना कुणी मला कामाला लावलं. आता खेळायलाही लावतेस?”

खोटं कशाला सांगू, मला रागच आला. रात्री लाज वाटली. न्यूलिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्येच मांडलंय की माणूस काय करतो यावर विरंगुळा ठरत नाही. ते आपल्या खुशीने करतोय असं त्याला वाटलं पाहिजे आणि करण्यातच गोडी हवी. परीक्षेत यावर दोन पानं लिहून आले होते मी!

दुसऱ्या दिवशी खुर्ची खिडकीशी नेली आणि विचारलं, काय बघता? समोर इमारतीचं बांधकाम चालू होतं. आजींना तिथला प्रत्येक माणूस ठाऊक होता. निळ्या टोपीवाला दुपारनंतर टंगळमंगळ करतो, एकजण जिना चढताना दर वेळी पायऱ्या मोजतो. जन्मात पहिल्यांदा दुसऱ्यांना राबताना बघत बसल्या होत्या, आणि मी त्यांना उदासीन लिहिलं होतं.

हे गाईडना सांगितलं, तर म्हणाले, “बघणं हा उपक्रम नाही. तक्त्यात कुठे बसवणार?” त्यांना हजेरीची टक्केवारी हवी होती. मी लँगर आणि रोडिन या मानसशास्त्रज्ञांचा १९७६ चा वृद्धाश्रमातला प्रयोग पुढे केला. एका मजल्यावरच्या लोकांना स्वतः निवडायची मुभा आणि सांभाळायला रोप दिलं, दुसऱ्या मजल्यावर सगळं कर्मचाऱ्यांनी बघितलं. पहिल्या मजल्यावरचे जास्त तरतरीत आणि हिंडतेफिरते झाले. “ते मानसशास्त्र झालं,” गाईड म्हणाले. आजींची मुलाखत गेली परिशिष्टात.

तेव्हा संशोधनाला वाव आहे का, तर भरपूर आहे. पण विद्यापीठ कोणतं हे नंतर बघा, आधी गाईड बघा. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे प्रबंध काढून वाचा. माणसं किती आली याचीच कोष्टकं असतील आणि ती का आली, का आली नाहीत याबद्दल ओळही नसेल, तर तिथून निघा. (हजेरी अगदीच निरुपयोगी नाही हो. कुणीच फिरकत नसेल तर उपक्रमात खोट असते. पण हे मी त्यांच्यासमोर कधी कबूल केलं नसतं.)

नोकरीचं सांगायचं राहिलंच. ते देशावर अवलंबून आहे. अमेरिकेत उपचारात्मक विरंगुळ्याच्या कामासाठी राष्ट्रीय प्रमाणपत्र आहे. त्याच्या नेहमीच्या वाटेत पदवी, किमान ५६० तासांची इंटर्नशिप आणि वर परीक्षा लागते. जिथे असं काही नाही तिथे पदाचं नावच वेगळं असतं किंवा पदच नसतं. पैशाची घाई असेल तर पर्यटन घ्या. हे आधी सांगायला हवं होतं.

माझ्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कोष्टकं भराभर उलटली आणि थेट परिशिष्ट उघडलं. अर्धा तास आजींबद्दलच विचारत होते. गाईड घड्याळाकडे बघत होते.