नाकातला गोळा परत आला, आता लेझर करावे का?

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. लहानपणापासून गावच्या तळ्यात पोहतो. गेल्या वर्षी उजव्या नाकपुडीचा घोळणा सारखा फुटायचा. आतला लाल गोळा काढला, तपासणीत ‘रायनोस्पोरिडिओसिस’ आले. सात महिन्यांत गोळा पुन्हा आला. डॉक्टर लेझर सुचवतात. कायमचे जाईल का? घरात कुणाला लागण होईल का?
— एक वाचक, मोहोळ (जि. सोलापूर)

उत्तर : हा रोग माणसाकडून माणसाला लागत नाही, त्याचे ताट-टॉवेल वेगळे ठेवू नका. साचलेल्या पाण्यातला जंतू नाकातल्या बारीक जखमेतून शिरतो, असे मानतात. तेव्हा त्याच तळ्यात डुंबणाऱ्या भावंडांची नाके मात्र एकदा दाखवून घ्या.

गोळ्यावर मोहरीपेक्षा बारीक पांढरे ठिपके दिसतात, त्या बीजाणूंच्या पिशव्या. गोळा ओढून, तुकडे पाडत काढला की त्या फुटतात आणि बीजाणू शेजारच्या अस्तरात रुजतात. शिवाय रक्त इतके येते की मूळ दिसतच नाही, मग ते राहून जाते. लेझर कापता कापता रक्तवाहिन्या बंद करतो, त्यामुळे दुर्बिणीतून बुडखा दिसतो आणि जाळता येतो. सरावाच्या हातात कॉटरीही (विजेच्या चटक्याने जाळणे) हेच काम करते. निव्वळ लेझरच्या पाटीसाठी पुणे गाठायची गरज नाही. परत न येण्याची हमी दोन्हींत नाही.

लेझर खोल गेला तर नाकाच्या पडद्याला भोक पडते. पडदा आणि समोरची भिंत दोन्ही भाजल्या तर त्या एकमेकींना चिकटतात. भुलेच्या नळीला आग लागू नये म्हणून लेझरसाठीची खास नळी, कमी ऑक्सिजन, घशात ओले गॉज आणि डोळ्यांवर ओल्या पट्ट्या हव्यात. हे सगळे आहे का, ते आधीच विचारा. काढलेला सगळा भाग पुन्हा तपासणीला पाठवायला सांगा.

नंतर डॅप्सोनची गोळी, मोठ्या माणसाला बहुधा रोज १०० मिलिग्रॅम, काही महिने देतात. गोळी सुरू होण्याआधी जी-सिक्स-पीडी (तांबड्या रक्तपेशींना जपणारे विकर, म्हणजे एन्झाइम) आणि हिमोग्लोबिन तपासलेच पाहिजे. जी-सिक्स-पीडी कमी असेल तर या गोळीने रक्तपेशी फुटतात. ओठ निळसर झाले, धाप लागली, अंगावर पुरळ आले किंवा ताप आला तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा. साध्या अँटिबायोटिकचा इथे उपयोग नाही.

मिठाच्या पाण्याने नाक धुवायचे ते उकळून गार केलेल्या पाण्यानेच. तळ्यातले पोहणे बंद. त्रास नसला तरी निदान दोन वर्षे, सांगितलेल्या तारखांना दुर्बिणीने नाक तपासून घ्या. ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा बसल्या जागी काढता येतो.