डोळ्यांना काहीच त्रास नाही, चष्म्याचा नंबरही ठीक आहे. मग चाळिशीनंतर काचबिंदूची तपासणी कशाला?

करून घ्याच. काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही, डोळा लालही होत नाही. आधी कडेची नजर जाते, समोरचं बराच काळ नीट दिसतं. माझे बाबा दादरच्या पुलावर बाजूने येणाऱ्यांना धडकायला लागले, तेव्हा आम्ही गर्दीला दोष दिला. पेपर ते बारीक अक्षरांसकट वाचत होते ना! पुढे मशीनमध्ये डोकं टेकवून, ठिपका चमकला की बटण दाबायची ती तपासणी झाली. कागदावर कडेला काळे डाग उमटलेले पाहून आई गप्पच झाली.

मोतीबिंदूशी गल्लत करू नका. त्यात ऑपरेशननंतर सहसा पुन्हा दिसू लागतं. काचबिंदूत डोळ्याची नस सुकते आणि गेलेली नजर परत येत नाही. थेंब, लेझर किंवा ऑपरेशनने उरलेली जपायची. म्हणून थेंब एक दिवसही चुकवायचे नाहीत.

दुकानात नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं होत नाही. डोळ्याचा दाब (ठीक असेल तर साधारण १० ते २१ mmHg) मोजायला आणि नस बघायला सांगा; दाब ठीक असूनही काचबिंदू असू शकतो. घरात कुणाला असेल, मधुमेह असेल किंवा स्टेरॉइडचे थेंब बरेच दिवस वापरले असतील तर चाळिशीचीही वाट पाहू नका. मुंबईत जे. जे., केईएम, सायन, तिन्ही रुग्णालयांत नेत्रविभाग आहे. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी काही तास धूसर दिसतं, सोबत कुणाला तरी न्या.

अचानक डोळा ठणकला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली, उलटी झाली, तर मात्र त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा.